गार हात

जालन्याच्या भोकरदन नाक्यावर शनिवारच्या संध्याकाळी आदिनाथ हातगाडीवरची मोसंबी एकेक करून हातात तोलून पाहत होता, तेव्हा मागून कोणीतरी त्याच्या खांद्यावर थाप मारली. संपत होता. हसनाबादहून जालन्याला काळी-पिवळी जीप चालवणारा. सासुरवाडीच्या गल्लीतला, म्हणून नात्याने मेहुणा, आणि मेहुणा म्हणून थट्टेचा परवानेदार. "काय दाजी, इथं मोसंब्या दाबून राह्यले अन् तिकडं ताईचं पोट खाली उतरलं की!" तो म्हणाला. आदिनाथच्या हातातले फळ हातातच राहिले. "परवा मीच नेल्तं दवाखान्यात, काकूला अन् ताईला. डॉक्टरीण म्हणली, डोकं खाली बसलं, आता कव्हाबी. पण तुमाला काय सांगावं, तुमाला तर माहीतच असंल." "माहीत आहे," आदिनाथ म्हणाला. त्याला माहीत नव्हते. परवा संध्याकाळी आणि काल संध्याकाळी, दोन्ही वेळा त्याने प्रियदर्शनीला फोन केला होता, दोन्ही वेळा 'नवीन काही?' असे विचारले होते, आणि दोन्ही वेळा त्याच्या बायकोने 'काही न्हाई, रोजचंच' असे उत्तर दिले होते.

घरी येताना त्याने मोसंबीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि आपल्याला झाले आहे ते नेमके काय, याचा विचार तो करू लागला. प्रथम त्याने त्यास राग म्हटले. राग हा सभ्य विकार आहे. त्याला कारण लागते, आणि कारण येथे होते. नवव्या महिन्यातल्या बाईने नवऱ्याला न सांगितलेली गोष्ट जीपच्या ड्रायव्हरला ठाऊक असावी, हे कोणत्याही न्यायाने योग्य नव्हे. परंतु रागाला एकदा कारण सापडले की त्याची धार उतरते, असा त्याचा स्वतःविषयीचा अनुभव होता. आणि हे जे आत चालले होते ते गल्लीच्या तोंडाशी येईतो अधिकच तीक्ष्ण झाले. मग ती काळजी असेल काय? काळजी करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे त्याचे माणूस येते. आदिनाथच्या डोळ्यांपुढे येत होता आरसा. संपतच्या जीपमधला, चालकाच्या डोक्यावरचा, कडेला प्लॅस्टिकची फुले गुंडाळलेला आरसा. आणि त्यात मागच्या सीटवरची प्रियदर्शनी, खड्डा आला की दोन्ही हात पोटाखाली घालून पोट उचलून धरणारी. त्या आरशाने ते पाहिले होते. त्याने पाहिले नव्हते. कुलूप काढताना त्याने तो शब्द शेवटी मनाशी उच्चारला: हेवा. आणि उच्चारताक्षणी त्यावर आक्षेप घेतला. हेव्याला प्रतिस्पर्धी लागतो. येथे तो कोण? संपत तर आदिनाथने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्यापूर्वीच हास्यास्पद ठरून बाद झाला होता. पण तो बाद झाला तरी त्याची जागा रिकामी झाली नाही, ही खरी अडचण होती.

दोन खोल्यांचे ते घर प्रियदर्शनी गेल्यापासून जितके स्वच्छ होते तितकेच निरुपयोगी दिसत होते. सातव्या महिन्यात ओटी भरून तिची आई तिला घेऊन गेली. पहिले बाळंतपण माहेरी, हा नियम. आदिनाथने त्याविरुद्ध मुद्देसूद वाद घातला होता: जालन्यात पावलापावलावर दवाखाने आहेत, हसनाबादहून अडीअडचणीला भोकरदन गाठावे लागते, रस्ता कसा आहे हे सर्वांस ठाऊक आहे. त्याचे सर्व मुद्दे सर्वांनी मान्य केले आणि तिला नेले. घनसावंगीहून त्याच्या स्वतःच्या आईने फोनवर त्याला सुनावले होते, "पहिलं माहेरीच व्हतं. तू बी तसाच झाला. तुझा बाप तव्हा कुठं व्हता म्हणून इचार त्यालाच." वडिलांना त्याने विचारले नाही, परंतु तेव्हापासून वडील आपल्या लेखी दोन माणसे झाले आहेत असे त्याला वाटू लागले होते. एक, जो त्याला आठवत होता; आणि दुसरा, जो त्याच्या जन्माच्या वेळी कोठेतरी शेतात उभा होता आणि ज्याला कोणीतरी बांधावरून ओरडून सांगितले होते.

तो एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण तपासणारा होता. ओल्या कागदावर बिया ओळीने मांडायच्या, वर दुसरा ओला कागद पसरायचा, सुरळी करून उबदार कपाटात उभी ठेवायची, आणि ठरल्या दिवशी उलगडून कोणती उगवली, कोणती नाही, कोणती वेडीवाकडी उगवली ते नोंदवायचे. या कामाने त्याला दोन गोष्टी दिल्या होत्या: वाट पाहण्याची शिस्त आणि गार हात. बाराही महिने ओल्या कागदात असणारे ते हात उन्हाळ्यातसुद्धा तापत नसत. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने प्रियदर्शनीच्या मानेला हात लावला तेव्हा ती दचकून म्हणाली होती, "अगं बाई, मढ्याचे हात," आणि मग स्वतःच्याच बोलण्याने घाबरून तिने ते दोन्ही हात आपल्या काखेत दाबून धरले होते. ती ऊब त्याच्या स्मरणात इतकी स्वतंत्र होती की तिचा प्रियदर्शनीशी काही संबंध आहे, हेही तो कधीकधी विसरे.

पण या हातांनी पुढे त्याचा घात केला. सहाव्या महिन्यात ती संध्याकाळी स्वयंपाकघरातून हाक मारू लागली, "अहो, या, जल्दी या, हाललं!" तो असेल तेथून धावे, अर्ध्या दाढीचा साबण तोंडाला असे, एकदा तर चप्पल पायात तशीच ठेवून तो देवापुढून गेला. ती ओट्याला टेकून उभी असे. तो तळहात तिच्या पोटावर ठेवी आणि श्वास रोखी. काही नाही. कुकरची शिट्टी होई. तिचे पोट तिच्या श्वासाबरोबर वरखाली होई. आणि तळहाताखाली, त्या ताणलेल्या गरम कातडीच्या पलीकडे, एक पूर्ण, हेतुपुरस्सर वाटावी अशी शांतता. "थांबलं वाटतं," ती डोळे मिटून म्हणे. "राहू द्या हात अजून थोडा वेळ. करंल." तो हात ठेवी. तिचे डोके त्याच्या खांद्याला टेके. पण तो तेव्हा सर्वांगाने कान झालेला असे आणि खांद्यावर काय आहे याकडे त्याचे लक्ष नसे. मग ती हसून म्हणे, "तुमचे हात गार हायेत ना, म्हणून." ती हे थट्टेने म्हणाली, पण आदिनाथने त्यातून एक सिद्धान्त रचला, आणि सिद्धान्त एकदा रचला की त्याला पुरावे मिळत जातात. मुलाला त्याचा हात नको होता. तो हात ठेवताच ते आत कोठेतरी पाठ वळवून, गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडत असले पाहिजे, परका माणूस दारात आला की लहान मूल आईच्या पदराआड जाते तसे. तो शेगडीवर हात शेकू लागला, पँटच्या खिशात मुठी वळून ठेवू लागला. काही उपयोग झाला नाही. परीक्षा नेहमी तीच, निकाल तोच.

आणि इतरांना मात्र ते मूल न मागता भेटत होते. वरच्या मजल्यावरच्या बाईला, जी फक्त विरजण मागायला आली होती. सोनोग्राफीच्या यंत्राला, आदिनाथ पडद्याबाहेर उभा होता आणि आतून मुलाच्या काळजाचा ठोका ऐकू येत होता, ओल्या कपड्यावर कोणी भराभर काठी मारावी तसा, आणि मग नर्सने आवाज बंद केला. न्यायला आल्या दिवशी सासूबाईंना, झुंबरबाईंना, जीपमध्ये त्यांनी प्रियदर्शनीच्या पोटावर सहज हात टाकला न टाकला तोच ओरडल्या, "अगं माय, काय लाथ घातली बघा! आजीला वळखलं!" जीपमधली झाडून सगळी माणसे हसली. आदिनाथ मागच्या बाकावर, दोन गोण्यांमध्ये बसला होता. तोही हसला. आपण हसलो याची त्याला अजून लाज वाटत होती. आता त्या सगळ्यांत ही भर: पोट उतरले होते. त्याने या विषयावर मिळेल ते वाचले होते. शेवटच्या आठवड्यांत मुलाचे डोके ओटीपोटात बसते, आईचा श्वास मोकळा होतो, छातीतली जळजळ कमी होते, आणि मुलाला जागा पुरेनाशी झाल्यामुळे लाथांची जात बदलते. ठोसे जाऊन सरकणे, रेटणे, टाच घासणे उरते. तेही थोड्या दिवसांपुरते. मग ते बाहेर येणार, आणि बाहेर आलेले मूल सर्वांचे असते; ते कोणीही उचलू शकते. आत असतानाच ते एकाच वेळी एका तळहाताचे होऊ शकत होते, आणि तो तळहात आजवर एकदाही त्याचा नव्हता. हे ध्यानात येताच त्याने मोसंबीची पिशवी न उघडता दाराशीच ठेवली. उद्या रविवार होता. बाळंतपण होण्यापूर्वीचा कदाचित हा शेवटचा रविवार होता.

सकाळी तो संपतच्याच जीपमध्ये बसला. राजूरच्या पुढे दोन्ही बाजूंना वेचणी संपत आलेल्या कपाशीची काळसर झाडे उभी होती, बोंडांच्या टोकांना चुकलेला कापूस लोंबत होता. सकाळची थंडी होती. आदिनाथने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. संपतने आरशातून ते पाहिले. "काय दाजी, थंडी वाजून राह्यली का धाकधूक?" "थंडी," तो म्हणाला. "पाचची शेवटची खेप हाय माझी. दारासमोर हॉर्न मारीन. मुक्काम करता का?" मुक्काम करता आला असता. परंतु जावयाचा मुक्काम म्हणजे बाहेरच्या खोलीत गादी, उशाशी तांब्या, आणि आतल्या खोलीत आईजवळ झोपलेली बायको. शिवाय उद्या उलगडायच्या सुरळ्या होत्या, आणि सुरळ्या कोणासाठी थांबत नाहीत. "नाही. पाचला येतो," तो म्हणाला.

दारातल्या दोरीवर पांढरी फडकी वाळत होती, सारखी फाडलेली, धुऊन धुऊन मऊ पडलेली. सासऱ्यांचे जुने धोतर. पाचवीपर्यंत बाळाच्या अंगाला नवे कापड लावायचे नाही हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून त्याने जालन्याहून पिवळे नवे झबले आणले होते. झुंबरबाईंनी ते दोन बोटांनी घेतले आणि कपाटावर ठेवले. "ठिवते हो वर. आधी येऊ द्या बाळाला, मंग घालूच की. आधी आणत न्हाईत, जावईबापू." त्यांच्या आवाजात राग नव्हता, चुकलेल्या मुलाला सांगावे तसा तो समजूतदार होता, आणि म्हणूनच अधिक लागला. म्हणजे मुलाला प्रथम स्पर्श करणार ते हे धोतर. आदिनाथ खाटेवर बसला आणि दोरीकडे पाहत राहिला. धोतराचाही हेवा करणारा मनुष्य कोणत्या पायरीवर उभा आहे, याचा त्याने तटस्थपणे विचार करून पाहिला; तटस्थता टिकली नाही.

जावयाला खाट होती, चहा होता, सासरे राधाकिसन होते. ते भाव पडल्याबद्दल, व्यापाऱ्याबद्दल, मजुरांच्या टंचाईबद्दल शांतपणे बोलत होते, आणि आदिनाथ 'बराबर आहे' म्हणत होता. त्यांच्या बोलण्यात मुलीचा उल्लेख एकदाच आला, "तब्येत बरी हाय तिची," आणि तोही असा की पुढे विचारता येऊ नये. आतून भांड्यांचे आवाज येत होते. मग मधल्या दारात प्रियदर्शनी येऊन उभी राहिली. गाऊन, वरून ओढणी, पाय अनवाणी आणि सुजलेले, पायांच्या बोटांतली जोडवी काढून टाकलेली. "आलात का," ती म्हणाली. वडिलांसमोर याहून अधिक बोलायचे नव्हते. ती वळून परत गेली तेव्हा त्याने पाहिले. चालच बदलली होती. पाय फाकवून, कमरेतून डुलत, दोन्ही पावलांनी जमीन चाचपीत ती चालत होती. पोट छातीपासून सुटून खाली, पुढे गेले होते, आणि छाती व पोट यांच्या मध्ये आता एक तळहात मावेल इतकी जागा दिसत होती. एक तळहात. ती जागा चार दिवसांपूर्वी नव्हती. चार दिवस या घरातली माणसे, गल्लीतली माणसे, त्या जागेकडे पाहत वावरली होती. आणि तो जालन्यात ओले कागद पसरत होता.

जेवण झाले. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, जावयासाठी मुद्दाम शिरा. जेवताना आतून एकदा प्रियदर्शनीचा "आई गं" असा दबका आवाज आला आणि त्याचा घास थांबला. झुंबरबाई वाढतावाढता म्हणाल्या, "कच्च्या कळा हायेत त्या. येत्या अन् जात्या. खऱ्या आल्या की आम्हाला कळंल, तुम्ही जेवा." आम्हाला कळेल. आदिनाथने शिरा संपवला. दुपारी शेतातून निरोप आला की कापूस न्यायला गाडी लागली आहे, आणि मजूर कमी असल्यामुळे सासू-सासरे दोघांनाही जावे लागले. जाताना झुंबरबाईंनी शेजारच्या आसराबाईंना राखणीला बसवले. आसराबाई वयाने मोठ्या, बोलायला मोकळ्या. गल्लीतल्या निम्म्या बाळंतिणींच्या कमरा त्यांनी रगडल्या होत्या. त्या उंबऱ्यावर बसून आदिनाथकडे बराच वेळ पाहत राहिल्या. त्याने पाण्याचा तांब्या सरकवला, वर्तमानपत्र उलटले, पुन्हा सुलटे केले. "काय ओ जावईबापू," त्या शेवटी म्हणाल्या, "तुमची बायकू हाय का दुसऱ्याची?" "म्हणजे?" "मंग बाहेर काय बसून राह्यले? मी म्हशीला पाणी दाखवून येते. मला तसंबी कमी ऐकू येतं." आणि पदर तोंडाला लावून हसत त्या गोठ्याकडे गेल्या.

झुंबरबाईंनी जाताना ठेवलेल्या चहाचा ग्लास आदिनाथच्या हातात होता. चहा त्याने प्यायला नव्हता. ग्लास दोन्ही तळव्यांत धरून तो त्यांना ऊब देत होता. तो आत गेला. प्रियदर्शनी जमिनीवर पाट घेऊन बसली होती आणि आधीच लख्ख असलेले स्टीलचे डबे फडक्याने पुन्हा पुसत होती. त्याला पाहून ती हसली आणि भिंतीला धरून उठली. "बसवत न्हाई, झोपवत न्हाई. नुसतं हात चालवावे वाटतात. श्वास मात्र मोकळा झाला बाई. आता पोटभर जेवते. पण दर पाच मिन्टाला बाथरूम." ती पलंगावर डाव्या कुशीवर कलली आणि तिने गुडघ्यांमध्ये उशी घेतली. हे सगळे ती अगदी सहज करीत होती, आणि प्रत्येक हालचाल त्याला नवी होती. "कधीपासून?" त्याने विचारले. "बुधवारपासून." "मला सांगितलं नाहीस." तिने गुडघ्यांमधली उशी नीट केली. "संपतला माहीत आहे. गल्लीला माहीत आहे. मला नाक्यावर मोसंबी घेताना कळलं."

"संपतला मी सांगायला गेल्ते का? गाडीत आईच बोलली डॉक्टरनीचं."

"मी रोज फोन करतो. रोज विचारतो."

"काय विचारता?"

"काय म्हणजे?"

"सांगा न. फोनवर म्हणता तसंच म्हणून दाखवा."

त्याला हे पोरकट वाटले. पण ती थांबली होती. "बाळ काय करतंय," तो म्हणाला.

"मंग?"

"लाथ मारली का."

"मंग?"

"नवीन काही."

"मंग?"

मग काही नव्हते. मग तो फोन ठेवीत असे. प्रियदर्शनीने सुजलेला पाय पलंगाच्या कडेला घासला. "हे पाय कुणाचे हायेत?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ती जणू डबेच पुसत होती. "रातभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर कोण होतं? बाळ मस्त हाय. बाळाचं पोट न्हाई उतरलं, माझं उतरलं. म्हणून न्हाई सांगितलं. म्हणलं बघू तरी, ह्यांना माझं काही विचारावं वाटतं का."

वाद घालण्याची त्याची सवय त्याच्या मदतीला आली आणि दारातूनच परत गेली. तो पलंगाच्या कडेवर टेकला. हातातला ग्लास त्याने खाली ठेवला आणि तळहात स्वतःच्याच गालाला लावून पाहिला. प्रियदर्शनी ते पाहत होती, आणि एकाएकी तिला हसू आले. "शेकून आणलाय का हात?" "हो." "हात गार म्हणून थांबत नव्हतं ते." "मग?" तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले. "थांबल्यावरच हाक मारत होते मी तुमाला." त्याला कळले नाही. "ते हालायचं तव्हा मी गप उभी राह्यची," ती म्हणाली. "हालून झालं, झोपलं, की मंग म्हणायची, अहो या, हाललं. तुम्ही यायचे. हात ठिवायचे. कितीतरी वेळ. लाथ मारली असती तर तुम्ही खूश झाले असते अन् हात उचलून दाढी करायला गेले असते न." ती आता हसत नव्हती. "तुमचा हात त्याच्यासाठीच होता, मला माहीत हाय. पण होता तर माझ्यावर."

खिडकीतून दोरीवरची फडकी दिसत होती. आदिनाथ त्यांच्याकडे पाहत बसला आणि त्याची गेल्या तीन महिन्यांची सगळी रचना, एखादी सुरळी उलगडावी तशी, त्याच्यापुढे उलगडत गेली. आणि त्यात त्याने जेथे जेथे मुलाची पाठ पाहिली होती तेथे तेथे आता एक बाई उभी होती, ओट्याला टेकून, डोळे मिटून, त्याच्या खांद्यावर डोके टेकवून. तो ज्यांचा ज्यांचा हेवा करीत हिंडला होता, वरच्या मजल्यावरची बाई, झुंबरबाई, संपतचा आरसा, सासऱ्यांचे धोतर, त्या सर्वांना जे मूल भेटले असे त्याला वाटत होते त्या मुलाचाच हेवा प्रियदर्शनी आतून करीत होती. तिचा प्रतिस्पर्धी तिच्याच रक्तावर वाढत होता, आणि तिला त्याला खाऊपिऊ घालावे लागत होते, त्याच्यासाठी डाव्या कुशीवर झोपावे लागत होते, त्याची खुशाली रोज संध्याकाळी फोनवर सांगावी लागत होती. त्या ओट्यापाशी तो किती वेळ उभा असे? त्याला आठवेना. त्याला शिट्टी आठवत होती, शांतता आठवत होती. खांद्यावरचे ते ओझे आठवण्याचा त्याने प्रयत्न केला आणि त्याच्या ध्यानात आले की ते त्याच्याजवळ नाहीच. ते त्याने कधी घेतलेच नव्हते.

त्याने हात तिच्या पोटावर ठेवला. गाऊन पातळ होता. क्षणभर काही नव्हते. मग हाताखाली सगळे पोट हळूहळू आवळत गेले, कडेकडून मध्याकडे, आणि पाहता पाहता दगडासारखे कठीण झाले, एका बाजूला किंचित कललेले. त्याने घाबरून तिच्याकडे पाहिले. ती ओठ मिटून, नाकाने लांब श्वास घेत होती. "हे बाळ?" त्याने विचारले. "हे बाळ न्हाई," ती श्वास सोडत म्हणाली. "ही मी हाय." कळ तशीच राहिली, राहिली, आणि मग जशी आली तशी कडेकडेने सैल होत गेली. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब आले होते. ते असे येतात हे त्याला माहीत नव्हते. तिने डोळे मिटले आणि डोके त्याच्या मांडीला टेकवले. ते जड होते, केसांना तेलाचा वास होता, आणि कानामागची नस उडत होती.

गोठ्याकडून आसराबाईंचे म्हशीशी चाललेले भांडण ऐकू येत होते. उन्हे दोरीवरून भिंतीवर आली. मग रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज झाला आणि संपतने हॉर्न दिला. "दाजी! चला, गाडी भरली!" आणि नेमके तेव्हाच, सैल पडलेल्या त्या पोटात, आदिनाथच्या तळहाताच्या अगदी मध्याखाली, काहीतरी सरकले. ठोसा नव्हे. टाच असावी, किंवा गुडघा. ते आतून कातडीला टेकले, त्याच्या हाताला दाबीत अर्धे बोट पुढे गेले, थांबले, आणि तेथेच, उठावासारखे, स्पष्ट, राहिले. इतक्या महिन्यांनी त्याचा हात ओळखला गेला होता, किंवा कदाचित केवळ वाटेत आला होता. तो ओरडणार होता. त्याने खाली पाहिले. प्रियदर्शनीचे डोळे मिटलेलेच होते. पण तिचा श्वास थांबला होता, आणि तिचे सगळे अंग, मानेपासून त्या सुजलेल्या पावलांपर्यंत, त्याचा हात उचलला जाण्याची वाट पाहत होते.

हॉर्न पुन्हा वाजला. लांब, चिडका.

"पाय," आदिनाथ म्हणाला, आणि त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. "पाय सकाळी जास्त सुजतात, की संध्याकाळी?"

टाच त्याच्या तळहाताखाली पुन्हा एकदा हलली. त्याने हात उचलला नाही. प्रियदर्शनीने थांबवलेला श्वास सावकाश सोडला.

"संध्याकाळी," ती म्हणाली. "संध्याकाळी लई दुखतात."